पाठ झालेली बायबलकथा नव्याने कशी वाचावी

उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बापाकडून वाटा घेऊन तो उधळून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाची आणि त्याच्यावर रागावणाऱ्या थोरल्याची येशूने सांगितलेली गोष्ट, वाचायला घेतला की डोळे ओळींवरून फिरतात, पण मनात चालू असते ती संडेस्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट. म्हणून आधी पुस्तक उघडूच नका. कोऱ्या कागदावर, आठवेल तशी, पूर्ण गोष्ट पाच-सात मिनिटांत लिहून काढा. मग लूक 15:11–32 (लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय, वचने 11 ते 32) मोठ्याने, सावकाश वाचा. कागदावर आहे पण शास्त्रात नाही, त्याखाली रेघ मारा. शास्त्रात आहे पण कागदावर नाही, ते समासात लिहा.

खरा माल समासात सापडतो. बहुतेकांच्या कागदावर दुष्काळ नसतो. वचन 14 मध्ये तो आहे, आणि वचन 16 म्हणते की त्या मुलाला कोणी काही देत नसे. म्हणजे उपासमारीला उधळपट्टीइतकाच दुष्काळ आणि आसपासचे लोकही कारण आहेत. वचन 12 मध्ये बाप मालमत्ता दोघांतही वाटून देतो. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकातल्या 21:17 प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत दोन तृतीयांश. हा हिशेब डोक्यात ठेवून वचन 29 मधली थोरल्याची तक्रार वाचा, की बापाने त्याला कधी करडूही दिले नाही. तिचा सूरच बदलतो.

दुसऱ्या वाचनात कोण काय बोलतो एवढेच पाहा. धाकट्याने ठरवलेले बोलणे वचन 18–19 मध्ये आहे, प्रत्यक्ष बोलणे 21 मध्ये. दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. ‘मला मोलकऱ्यासारखे ठेवा’ हे शेवटचे वाक्य गळालेले दिसेल. बाप त्याला उत्तरही देत नाही, थेट दासांना हुकूम सोडतो, आणि त्यापुढे धाकटा तोंडच उघडत नाही. तसेच वेश्यांचा उल्लेख निवेदनात कुठेच नाही. तो फक्त थोरल्याच्या तोंडी येतो, वचन 30 मध्ये. त्याला हे कोणी सांगितले? दासाने तरी नाही, त्याचे उत्तर वचन 27 मध्ये आहे. गट असेल तर निवेदक, बाप, धाकटा, थोरला आणि दास अशा पाच जणांना ओळी वाटून द्या. असे तपशील ऐकताना चटकन पकडले जातात.

आता मागे जाऊन वचन 1–2 वाचा. जकातदार आणि पापी येशूजवळ येतात, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे जाणकार) कुरकुरतात. दाखला त्या कुरकुरीला उत्तर आहे. थोरला भाऊ कोणासाठी आहे हे मग वेगळे सांगावे लागत नाही. तो शेवटी आत गेला की नाही, हे मात्र लूक लिहीत नाही. ती जागा तुम्हीही भरू नका, निदान त्या बैठकीत तरी.

इथे हमखास बिघडते ते नवे शोधण्याच्या घाईत. बाप परतलेल्या मुलाला देतो ती अंगठी म्हणजे हे, जोडे म्हणजे ते, मेजवानीचे वासरू म्हणजे आणखी काही, असा अर्थ प्रत्येक वस्तूला चिकटवला की माणसे नाहीशी होतात. कसोटी सोपी आहे: सापडलेला अर्थ कोणत्या वचनावर उभा आहे ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे, आणि आधीच्या-नंतरच्या परिच्छेदाशी तो भांडता कामा नये. नाही जमले तर प्रश्न म्हणून वहीत ठेवा. मथळ्यांवरही विसंबू नका, ते संपादकांनी घातलेले असतात. ‘उधळ्या पुत्र’ हे नाव वाचले की थोरला आपोआप कोपऱ्यात जातो.

पुढच्या बैठकीला योना घ्या, म्हणजे निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलेल्या संदेष्ट्याचे जुन्या करारातले छोटे पुस्तक. कागदावरची गोष्ट बहुधा माशाच्या पोटाशी किंवा फार तर निनवेच्या पश्चात्तापाशी थांबेल. चौथा अध्याय पूर्ण सुटलेला असेल, आणि पुस्तक तर तिथल्या एका प्रश्नावर संपते.