नास्तिक कोणाला म्हणायचं? या चुका टाळा

आमच्या मालवणकडे एखादा देवळात येत नाही, वर्गणी देत नाही, गाऱ्हाण्याला उभा राहत नाही, की तो नास्तिक ठरतो. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, वागण्यावरून मत ठरवण्याची.

माझे काका दरवर्षी गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट, सजवतात. कवंडळं, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळे, सगळं स्वतः रानात फिरून आणतात. रात्री ते पखवाजावर बसले की भजन लवकर उठत नाही. विचारलं तर सरळ सांगतात, "देव आसा असा माका वाटना नाय, पण भजन माझा आसा." काका नास्तिक आहेत, आणि गावात कुणालाच तसं वाटत नाही.

उलट आमच्या वाडीतल्या एका रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, मुलगा समुद्रात बुडून गेला. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला त्यांनी दर्याला नारळ दिलेला नाही. गाव त्यांना नास्तिक म्हणतं. पण जो नाहीच, त्याच्याशी कोणी इतकी वर्षं अबोला धरेल का? त्यांचं देवाशी भांडण आहे. त्यांना तो शब्द लावला की मला वाईट वाटतं.

म्हणून प्रश्न एकच विचारा: कुठलाही देव आहे असं तुम्ही मानता का? 'नाही' म्हणणारा नास्तिक. "मग देव नाही हे सिद्ध कर" ही अट त्याला घालू नका. 'देव नाही' असा ठाम दावा करेल तोच नास्तिक, असं काही तत्त्वज्ञ म्हणतात. काहींना विश्वास नसणं पुरेसं वाटतं. मला दुसरं पटतं, कारण पहिल्या व्याख्येत दावा न करणारे काका कुठेच बसत नाहीत. 'अज्ञेयवादी', म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही म्हणणारा, ही मधली पायरी समजणंही चूक. त्यासाठीचा 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा इंग्रजी शब्द थॉमस हक्सलीने १८६९ मध्ये घडवला, आणि त्याचा रोख काय कळू शकतं यावर आहे, काय मानतो यावर नाही. एकच माणूस दोन्ही असू शकतो.

जुन्या ग्रंथांतला शब्द आजच्या अर्थाने वाचू नका. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' आहे, म्हणजे तिथे कसोटी वेदांची. त्यामुळे वेद मानणारी, पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी मीमांसा आस्तिक दर्शनांत मोजली गेली, आणि कर्म-पुनर्जन्म मानणारे जैन नास्तिकांत.

देवस्कीला, म्हणजे देवाच्या नावाने चालणाऱ्या तोडग्यांना, आणि ते करणाऱ्या भगताला विरोध करणारा नास्तिकच, हाही गैरसमज. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती आपला विरोध देवाधर्माला नसून शोषणाला आहे असं सांगत आली. याउलट देव न मानणारा माणूस तिन्हीसांजेला वडाखालून जायला घाबरत असेल, तरी तो नास्तिकच.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांचा धर्म नोंदलेला नाही. हा आकडा नास्तिकांचा म्हणून फिरवू नका. धर्म न सांगण्याची कारणं अनेक असतात.

आणि विचारायचंच तर वेळ बघा. शिमग्यात पालखी अंगणात आलेली असताना, मानकऱ्यांसमोर, खरं उत्तर मिळणार नाही. काकांना मी विचारलं ते विसर्जन करून परतताना, काळोखात, पुळणीवरून आम्ही दोघंच चालत होतो तेव्हा.