तंबोऱ्यातील गंधार आकड्यांत कसा शोधावा

खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या 'सा'ची, तार एकटी छेडली तरी तिच्या नादात गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो, हे तंबोरा जुळवणाऱ्यांना ठाऊक असते. हा आपोआप उमटणारा 'स्वयंभू' गंधार ध्वनिमुद्रणातून मोजण्यासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

तारेचे मुद्रण वॅव्ह स्वरूपात, एका चॅनेलवर आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने करावे. एमपी३ टाळावी, कारण ती तयार होताना गाळलेला तपशील परत मिळत नाही. दोन तंबोऱ्यांची तुलना करायची असेल, तर मोजणीपूर्वी आवाजाची पातळी ठरावीक मापाला आणणारे 'नॉर्मलाइझ' वापरू नये. त्यांच्या आवाजातील खरा फरकच त्याने पुसला जातो.

काळी एकमधील (पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरल्यावरचा) खर्ज सुमारे ६९.३ हर्ट्झचा असतो. त्याच्या पाचपट, म्हणजे ३४६.५ हर्ट्झला स्वयंभू गंधार येतो, तर पेटीचा गंधार ३४९.२ हर्ट्झचा असतो. हा जेमतेम पावणेतीन हर्ट्झचा फरक दिसणे सर्वस्वी 'प्लॉट स्पेक्ट्रम' या खिडकीतील 'साइझ' (एका वेळी किती नमुने तपासायचे) या एका पर्यायावर अवलंबून आहे. तेथे २०४८ निवडल्यास मिळणाऱ्या यादीत वारंवारतेच्या दोन लगतच्या ओळींत २१.५ हर्ट्झचे अंतर पडते आणि दोन्ही गंधार एकाच ओळीत गडप होतात; ६५५३६ निवडल्यास ते अंतर ०.६७ हर्ट्झवर येते आणि दोहोंमध्ये चार ओळींचा फरक पडतो. मात्र एवढ्या नमुन्यांसाठी सुमारे दीड सेकंदाचा नाद लागतो, म्हणून तेवढा तरी भाग निवडावा आणि त्यात दुसरी तार वाजू देऊ नये.

भाग निवडल्यावर 'अ‍ॅनलाइझ' मेनूतील 'प्लॉट स्पेक्ट्रम' (कोणत्या वारंवारतेला किती नाद आहे याचा आलेख) उघडावे, 'फंक्शन' म्हणून 'हॅन' विंडो (निवडलेल्या भागाची टोके हळूहळू मिटवणारी गणिती पद्धत) ठेवावी आणि 'एक्सपोर्ट' करावे. मिळणाऱ्या मजकुराच्या फाइलीत वारंवारता आणि डेसिबलमधील पातळी असे दोन स्तंभ असतात. ही पातळी मुद्रणाच्या कमाल मर्यादेच्या तुलनेत असल्याने सहसा ऋण असते. खोलीतील आवाजाची ती मोजणी नव्हे.

आयाम, म्हणजे नादाची तीव्रता काळानुसार कशी बदलते, हे पाहण्यासाठी 'टूल्स' मेनूतील 'सॅम्पल डेटा एक्सपोर्ट' वापरावे, नमुन्यांची मर्यादा वाढवावी आणि मूल्ये डेसिबलऐवजी रेषीय ठेवावीत. एक्सेलच्या पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे जेमतेम २३ सेकंदांचा नाद. त्यामुळे तुकडे लहानच घ्यावेत. दर २,२०५ नमुन्यांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतल्यास दर ५० मिलिसेकंदांची पातळी मिळते आणि नाद कसा ओसरतो ते कळते. त्यातला गंधार किती टिकतो हे पाहायचे असेल, तर छेडल्यानंतरचे दीड-दीड सेकंदाचे भाग क्रमाने निवडून प्रत्येकाचा स्पेक्ट्रम वेगळा काढावा आणि ३४६.५ हर्ट्झजवळच्या ओळी शेजारी-शेजारी मांडाव्यात.