माल्टा केवढासा म्हणून हलक्यात घेऊ नका, म्युझियम आणि जुनी मंदिरं बघायला जाताना या चुका टाळा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडून युरोपला जाणारी माणसं हल्ली वाढलीत, कुणाची मुलगी तिकडं नोकरीला असते, कुणी टूरबरोबर जातं, आणि त्यात माल्टाचं नाव निघालं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, केवढासा देश तो, दोन दिवसात बघून होतंय की. देश लहानच आहे, ३१६ चौरस किलोमीटर, आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्यात चाळीसेक माल्टा बसतील. पण बघण्यासारखं एवढं आहे की दोन दिवस कुठल्या कुठं जातात, आणि त्यातल्या सगळ्यात भारी जागेत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. हे माहीत नसलं की प्लॅन फसला म्हणून समजा.

ती जागा म्हणजे पाओला गावातलं हाल साफ्लिएनी हायपोजियम, म्हणजे जमिनीखालचं जुनं दफनाचं ठिकाण. १९०२ साली घरांचं बांधकाम चालू असताना हे जमिनीखाली सापडलं. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी लोकांनी चुनखडीचा खडक कोरून कोरून तीन मजले खाली नेलेत, अंदाजे सात हजार माणसांचे अवशेष इथं होते असं म्हणतात. छतावर तांबड्या गेरूनं काढलेली वळणावळणाची नक्षी अजून दिसते आणि खरी भानगड या नक्षीचीच आहे. माणसं आत गेली की श्वासामुळं हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, ओल आणि तापमान बदलतं, दिव्याच्या उजेडानं शेवाळ धरतं आणि रंग जायला लागतो. म्हणून १९९१ ते २००० ही जागा लोकांसाठी बंदच ठेवलेली. आता एका तुकडीत फक्त दहाजण आणि दिवसाला साधारण ऐंशीजण, बास. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात आपण वाटेल तेव्हा जातो, निवांत बसतो, तसं इथं चालत नाही.

त्यामुळं विमानाचं तिकीट काढायचा विचार सुरू झाला की त्याच दिवशी हायपोजियमच्या तारखा ऑनलाइन बघा आणि बाकीचा प्लॅन त्या तारखेभोवती बसवा. आधी हॉटेल, आधी बाकीचं फिरणं आणि मग हे, असं केलंत तर सीझनला कित्येक आठवडे पुढंपर्यंत सगळं फुल्ल दिसणार. दारात जाऊन रिक्वेस्ट केली की सोडतील, लांबून इंडियातून आलोय म्हणून सांगू, या भरवशावर तर अजिबात राहू नका, तिथला माणूस कितीही चांगला असला तरी अकरावा माणूस आत घेत नाही. वेळ पण कडक आहे, तुकडी आत गेली की उशिरा आलेल्याला घेत नाहीत, म्हणून बस अर्धा तास आधीची धरा. बाहेरून ती जागा गल्लीतल्या घरांच्या ओळीतच आहे, मोठं गोपुर किंवा कमान असेल असं डोक्यात ठेवून शोधलंत तर पुढं निघून जाल. सहा वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, फोटो काढायचा नाही, बॅगा बाहेर लॉकरमध्ये. आत उजेड कमी आणि जिने आहेत, गुडघेदुखीवाल्या आईबाबांना हे आधीच सांगा.

आणि तिकीट मिळालंच नाही तर? आदल्या दिवशी विकायला थोडी तिकिटं मागं ठेवलेली असतात, ती सध्या कुठं आणि किती वाजता मिळतात हे ऑफिशियल साइटवर बघून सकाळी लवकर लाइनला लागा. तेही नाही जमलं तरी पाओलाला जाच, तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर तारशीनची प्राचीन दगडी मंदिरं आहेत. आणि हायपोजियममध्ये सापडलेली ती झोपलेल्या बाईची छोटीशी मातीची मूर्ती, तळहातावर मावेल एवढी, ती राजधानी व्हॅलेटाच्या नॅशनल म्युझियम ऑफ आर्किऑलॉजीत आहे. कुशीवर, हात डोक्याखाली घेऊन ती ज्या शांतपणे झोपलीय ना, तिच्यापुढून हलावंसं वाटत नाही. बरेचजण तिकीट नाही म्हणून नाराज होऊन हे म्युझियमच सोडतात, ते करू नका.

दुसरी चूक पासची. हेरिटेज माल्टा म्हणजे तिथल्या जुन्या जागा सांभाळणारी सरकारी संस्था, तिचा एक पास मिळतो, त्यात बऱ्याच जागा होतात, पण हायपोजियम त्यात नाही आणि व्हॅलेटाचं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे मोठं चर्च पण नाही, त्याची व्यवस्था वेगळी आणि तिकीटही वेगळं. पास घेतला म्हणजे सगळं झालं असं समजून दारात वाद घालणारी माणसं बघितली की वाईट वाटतं.

कॅथेड्रल बाहेरून एकदम साधं दिसतं म्हणून कुणी कुणी पुढंच जातात. आत गेलात की भिंती सोन्यानं मढवलेल्या, आणि पायाखाली रंगीत संगमरवराच्या जवळजवळ चारशे थडग्यांच्या फरशा. त्या फरशीसाठीच टोकदार हिल्सना बंदी आहे, साधे सपाट बूट घाला, खांदे आणि गुडघे झाका. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत, त्यामुळं तुमचा व्हॅलेटाचा दिवस रविवारी येत असेल तर बदला. सोनं बघून तसंच बाहेर पडू नका, ऑरेटरीत, म्हणजे आतल्या प्रार्थनेच्या दालनात जा. तिथं काराव्हॅज्जोचं १६०८ सालचं प्रचंड चित्र आहे, सेंट जॉनचा शिरच्छेद, पाच मीटरहून रुंद. रोममध्ये खून करून पळालेला हा चित्रकार इथं येऊन नाइट, म्हणजे सेंट जॉनच्या पंथाचा सरदार झाला आणि त्याच वर्षी हाकललाही गेला. चित्रात मानेतून सांडलेल्या रक्तातच त्यानं आपलं नाव लिहिलंय, त्याची सही असलेलं हे एकच चित्र. जवळ जाऊन खालचा तो भाग नीट बघा, घाई करू नका.

माल्टाच्याच शेजारच्या गोझो बेटाला अर्धा दिवस ठेवणं हीपण नेहमीची चूक. चिरकेव्वा बंदरातून फेरी बोट पंचवीसेक मिनिटांचीच असली तरी तिथपर्यंतची बस, लाइन, परत बस यात वेळ जातो. गोझोवरची जगान्तियाची मंदिरं साधारण इसवीसनपूर्व ३६०० ची, गिझाच्या पिरॅमिडपेक्षा जुनी, त्यांना नीट वेळ द्या. जुने फोटो बघून अझुअर विंडो ही समुद्रातली खडकाची कमान शोधत जाऊ नका, ती ८ मार्च २०१७ ला वादळात समुद्रात पडली. गोझोच्या या फेरी बोटीला जाताना पैसे घेत नाहीत, परत येताना घेतात, त्यामुळं फुकट आहे समजून खिसा रिकामा करू नका.

आणि एक, तिथले प्लग ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचे असतात, आपला चार्जर बसत नाही. ॲडॉप्टर इथूनच घेऊन जा, कारण हायपोजियमचं तिकीट मोबाइलमध्ये आणि मोबाइल बंद, असं झालं तर दारात उभं राहायची पाळी येईल.