ब्लाउजचं माप अंगावरून नीट कसं घ्यायचं

ब्लाउज शिवायला टाकताना बहुतेक जणी जुना ब्लाउज मापाला देऊन मोकळ्या होतात. पण तो जुना ब्लाउज कधी उसवून ढिला केलेला असतो, कधी धुवून आटलेला असतो, मग त्याच्यात जे चुकलंय ते सगळं नव्यात पण उतरतं. त्यापेक्षा एकदा अंगावरून नीट माप घ्या आणि तारीख टाकून वहीत लिहून ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचं माप स्वतः घेऊ नका. टेप बघायला मान खाली घातली की खांदे पुढे येतात, आणि पाठीमागे टेप खाली घसरली तर ते दिसतही नाही. बहीण, जाऊ, मैत्रीण कोणीही चालेल, तुम्ही फक्त समोर बघत नेहमीसारखं उभं राहायचं, श्वास रोखायचा नाही, पोट आत घ्यायचं नाही. ज्या ब्रावर तो ब्लाउज घालणार तीच ब्रा घाला, कारण ब्रा बदलली की छातीचं माप आणि टक्स पॉइंट (खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर) दोन्ही बदलतात. टेप जुनी असेल तर आधी स्टीलच्या पट्टीला लावून बघा, कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते.

आता छाती. इथे दोन मापं घ्या. एक अप्पर चेस्ट, म्हणजे काखेच्या लगेच खालून, छातीच्या वरच्या बाजूने, आणि दुसरं सगळ्यात भरलेल्या भागावरून. दोन्ही वेळा टेप पाठीवर जमिनीला समांतर हवी, माप घेणारीने मागे जाऊन एकदा बघायचंच. टेप अंगाला टेकलेली असावी पण रुतू नये. या दोन मापांत जास्त फरक असेल तर टेलरला दोन्ही सांगा, कारण नुसत्या भरलेल्या छातीवरून कटिंग केलं की खांदा आणि मुंढा (जिथे बाही जोडतात तो गोल भाग) मोठा होतो आणि गळा सारखा खांद्यावरून उतरत राहतो.

मग उंची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त ब्लाउज इथेच बिघडतात. लोक फक्त मागची उंची घेतात आणि तीच पुढे धरतात. पण पुढे छातीच्या उंचवट्यावरून कापड जायचं असतं, त्याला जास्त लांबी लागते, ती नाही मिळाली की हात वर केला रे केला की ब्लाउज पुढून वर चढतो आणि खालची पट्टी छातीवर येऊन बसते. म्हणून आधी ब्लाउज जिथे संपायला हवा तिथे एक नाडी आडवी बांधा, पुढून मागून एका पातळीत. मग मानेच्या कडेला खांदा सुरू होतो तिथे टेपचं टोक धरून छातीच्या टोकावरून टेप तशीच नाडीपर्यंत न्या, वाटेत टोकापाशी किती इंच झाले तेही वाचून घ्या, तो तुमचा टक्स पॉइंट. नंतर मागून मानेच्या कडेपासून नाडीपर्यंत. भरलेल्या अंगाच्या बाईला पुढची उंची चांगलीच जास्त येते, ते चुकलंय म्हणून सारखं करायला जाऊ नका. छातीच्या दोन्ही टोकांमधलं अंतरही घ्या, कटोरी (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा) किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खालपर्यंत उभी शिवण) असेल तर ते लागतंच. नाडीच्या जागचा घेर पण आत्ताच लिहून टाका.

खांदा पाठीमागून घ्यायचा, एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत, टेप मानेच्या खालच्या हाडावरून. हाड सापडत नसेल तर हात थोडा वर उचला, जिथे खळगा पडतो तीच जागा. मुंढ्याला टेप काखेतून खांद्याच्या हाडावर आणायची, पण वाचताना हात खाली सोडलेला हवा. बाही कोपरापर्यंत असेल तर हात थोडा वाकवून लांबी घ्या, आणि बाही जिथे संपते तिथलाच दंडघेर. गळे मात्र मानेच्या कडेपासून खाली मोजायचे, पुढचा वेगळा, मागचा वेगळा.

अजून एक, टेपच्या आत दोन बोटं घालून माप घ्यायची खूप जणींना सवय असते. तसं केलं आणि टेलरने परत स्वतःचं लूज, म्हणजे अंगाच्या मापावर जास्तीची ढिलाई, धरलं तर दोनदा लूज पडतं आणि ब्लाउज पोत्यासारखा होतो. त्यामुळे बोटं न घालता माप घ्या आणि कागदावर वरच स्पष्ट लिहा, "अंगाचं माप, लूज धरलेलं नाही". छाती 36 असेल तर तयार ब्लाउज साधारण 37 ते 38 ठेवतात, फिटिंग घट्ट आवडतं की आरामशीर ते तुम्ही सांगायचं. अर्धा पाव इंच सोडून देऊ नका, 36 च्या पुढे 2 सूत (म्हणजे पाव इंच) असतील तर सव्वाछत्तीसच लिहा. शिवाय आत माया (शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड) किमान 1 इंच सोडायला सांगा, म्हणजे पुढे ढिला करता येतो, आणि कॉटनचं कापड नि अस्तर टेलरकडे द्यायच्या आधी दोन्ही पाण्यातून काढून वाळवून द्या.