दुपारचे 4 वाजले की महामार्ग सोडा

किनाऱ्यावर तंबूत रात्र काढायची म्हणून पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने मोटरसायकलवर एकटेच गुहागर किंवा रत्नागिरीकडे निघाला असाल, तर 4 नंतर महामार्गावर राहू नका, कितीही किलोमीटर उरले असोत. डिसेंबरात 6 च्या सुमारास सूर्य बुडतो, आणि किनाऱ्याकडे उतरणारा वळणांचा रस्ता तास-दीड तास सहज खातो. अंधारात रस्त्यावर बसलेली गुरं अगदी जवळ गेल्यावरच दिसतात.

तंबूची जागाही उजेडातच पारखता येते. वाळूवर सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची रेघ दिसते ना, तिथवर भरती येऊन गेलेली असते. तिच्या बरंच वर, सुरूच्या बनाकडे सरका. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी त्या रेघेच्याही पुढे येतं. माडाखाली मुळीच नको, रात्री नारळ-झावळ्या पडतात. आणि जवळच्या घरी आधी विचारा, "काका, रात्रीपुरता तंबू टाकला तर चालेल ना?" बहुतेकदा विहिरीचं पाणीही मिळतं.

मग लगेच, चेन कोमट आहे तोवर, पुसून तेल द्या. खारी हवा लोखंडाला फार लवकर गंज चढवते. साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर वाळूत रुतून गाडी आडवी होते.