पाच चॅनेलच्या होम थिएटर अ‍ॅम्प्लिफायरसाठी पॉवर सप्लाय कसा बांधावा

घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणारे बहुतेक जण आधी अ‍ॅम्प्लिफायरचे बोर्ड निवडतात आणि ट्रान्सफॉर्मर शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. हा क्रम उलटा असावा, कारण चित्रपटातील स्फोटाच्या क्षणी पाचही चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरपुढे हात पसरतात आणि तो कमी पडला तर उत्तम बोर्डाचाही आवाज फाटतो.

प्रथम व्होल्टेज ठरवावे. 8 ओहमच्या स्पीकरला 50 वॅट द्यायचे तर 20 व्होल्ट आरएमएस (एसीचे परिणामी मूल्य), म्हणजे शिखरावर सुमारे 28 व्होल्ट लागतात. बोर्डात खर्च होणारे तीन आणि रिपलचे (डीसीत उरणाऱ्या चढउताराचे) दोन व्होल्ट धरले की धन आणि ऋण अशा प्रत्येक बाजूस किमान 33 व्होल्ट हवेत. 25-0-25 च्या, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंस 25 व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून, एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधील घट वजा जाता, सुमारे 34 व्होल्ट मिळतात. मात्र नाशिकच्या सिडकोतील माझ्या घरी रात्री अकरानंतर मल्टिमीटरने विजेच्या सॉकेटवर 230 ऐवजी 248 व्होल्ट दाखवले आहेत. अशा वेळी भार नसताना हे 34 व्होल्ट 41 च्या घरात जातात. म्हणून कपॅसिटर 50 नव्हे, 63 व्होल्टचेच घ्यावेत.

त्यानंतर ट्रान्सफॉर्मरची क्षमता काढावी. पाचही चॅनेल सतत पूर्ण ताकदीने चालत नाहीत, त्यामुळे दोन चॅनेल पूर्ण आणि तीन एक अष्टमांश ताकदीवर धरणे मला योग्य वाटते. क्लास एबी या प्रचलित प्रकारच्या बोर्डांत उष्णतेपोटी वाया जाणारी शक्ती आणि रेक्टिफायरचा तुटक प्रवाह लक्षात घेता हा हिशेब 400 व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर) आसपास पोहोचतो. सातपूर-अंबड भागातील ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या वाइंडरला ‘25-0-25, 8 अँपिअर, टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा)’ एवढे सांगितले तरी पुरते. फक्त 25 व्होल्ट पूर्ण भारावर हवेत, हे बजावून सांगावे.

कपॅसिटर प्रत्येक बाजूस 10,000 मायक्रोफॅरडचे दोन लावावेत. आपल्याकडील 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात ते दर 10 मिलिसेकंदांनी भरतात, त्यामुळे साडेतीन अँपिअरच्या भारावर रिपल पावणेदोन व्होल्टांच्या आत राहतो. प्रत्येक बाजूस 2.2 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर समांतर जोडावा, म्हणजे बंद केल्यावर साठलेला विद्युतभार तीन-चार मिनिटांत उतरतो.

सर्वांत जास्त वेळ ग्राउंडला द्यावा. ट्रान्सफॉर्मरची मधली तार जेथे दोन्ही बाजूंच्या कपॅसिटरना मिळते, त्या तांब्याच्या पट्टीतून सेकंदाला शंभर वेळा जोरदार प्रवाह जातो. माझ्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मी सेंटर स्पीकरची परतीची तार याच पट्टीवर डाग दिली होती आणि प्रत्येक शांत संवादामागे खर्जातील गुणगुण ऐकू येत असे. दोन बोर्ड बदलूनही ती गेली नाही. शेवटी पट्टीपासून पाच सेंटिमीटर लांबीचा वेगळा फाटा काढून सर्व बोर्डांच्या आणि स्पीकरच्या ग्राउंड तारा त्याच्या टोकाला एकत्र आणल्या, तेव्हा ती थांबली. गुणगुण घालवण्यासाठी पेटीची अर्थिंग मात्र कधीही काढू नये. जुन्या नाशिकमधील काही वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तारच नसते. ती आधी तपासून घ्यावी.

टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट पेटीच्या तळाला आणि झाकणाला एकाच वेळी टेकता कामा नये, कारण तसे झाल्यास त्या धातूचाच शॉर्ट झालेला एक वेढा बनतो. सुरू करतानाचा धक्का एमसीबी पाडू नये यासाठी प्रायमरीत (ट्रान्सफॉर्मरच्या 230 व्होल्टच्या बाजूस) 47 ओहम, 10 वॅटचा रेझिस्टर घालून एका सेकंदानंतर रिलेने तो शॉर्ट करावा, आणि त्याच्या आधी 3.15 अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक धक्क्याने न उडणारा) फ्यूज ठेवावा.

पहिल्यांदा सुरू करताना 100 वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर जोडणी ठीक आहे. तसाच प्रखर राहिला तर ताबडतोब बंद करून ब्रिजचे टोक आणि कपॅसिटरची उलटसुलट बाजू तपासावी. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे आल्यावर, कपॅसिटर रिकामे झाल्याची मल्टिमीटरने खात्री करून एकेक बोर्ड जोडावा आणि प्रत्येकाच्या आउटपुटवर डीसी 50 मिलिव्होल्टपेक्षा कमी असेल तरच त्याला स्पीकर लावावा.