उनो-दोस-त्रेस पाठ झालं, पण मोजता येत नाही? स्पॅनिश आकडे शिकवताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत हे आता अगदी कॉमन झालंय. डेकेअरमधली सांभाळणारी ताई मेक्सिकोची नाहीतर ग्वातेमालाची असते, तीन-साडेतीन वर्षांचं पोर घरी येऊन उनो, दोस, त्रेस, क्वात्रो करत दिएसपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, एका दमात म्हणून दाखवतं, आपण टाळ्या वाजवतो, पुण्याला व्हिडिओ कॉल लावून आजीला ऐकवतो, आणि मग समोर चार बिस्किटं ठेवून "किती आहेत?" विचारलं की ते परत उनोपासून सुरू करतं किंवा तोंडाला येईल तो आकडा ठोकून देतं. मग आईबाबांना वाटतं की स्पॅनिश कच्चं आहे, आणखी व्हिडिओ लावूया. माझं स्पष्ट मत आहे की व्हिडिओ बंद करा आणि बिस्किटं घेऊन बसा.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: म्हणणं म्हणजेच मोजणं असं समजणं

रॉशेल गेल्मन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मुलांच्या मोजण्याचे काही नियम मांडले होते, ते आजही खूप कामाचे आहेत. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम दर वेळी तोच, आणि शेवटचा म्हटलेला आकडा म्हणजे एकूण किती ते. मुलं अडकतात ती या शेवटच्या नियमावर. पुढे मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० मध्ये लहान मुलांना "मला इतक्या वस्तू दे" असं सांगून बघितलं, तर बरीच मुलं तोंडाने व्यवस्थित पुढपर्यंत मोजायची पण चार-पाच वस्तू मागितल्या की सरळ मूठभर उचलून द्यायची. हे साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास सुटतं, कुणाचं आधी कुणाचं नंतर, त्यामुळे तीन वर्षांच्या पोराच्या मागे लागू नका.

घरी हेच करून बघायचं. "दामे दोस", म्हणजे मला दोन दे. शेंगदाणे, राजमा, लेगोचे ठोकळे, काहीही चालेल (चार-पाच वर्षांच्या आतलं असेल किंवा सगळं तोंडात घालत असेल तर शेंगदाणे-राजमा नको, मोठे ठोकळेच घ्या). दोन जमलं की "दामे त्रेस". मोजून झाल्यावर "क्वान्तोस आय?" म्हणजे किती आहेत, आणि उत्तरात फक्त शेवटचा आकडा यायला हवा. परत पहिल्यापासून सुरू केलं तर रागवू नका, वस्तू कमी करा.

आणि हो, पोराला मराठीत "चार दे" म्हटल्यावर चार देता येत नसतील तर स्पॅनिशमध्येही ते सहसा येत नाही. एक-दोन-तीनसारखे छोटे आकडे मुलं प्रत्येक भाषेत वेगळे शिकतात, पण मोजणं म्हणजे काय हे एकदा एका भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेत ते नव्याने शिकवावं लागत नाही. म्हणून मराठीत मोजणं थांबवून स्पॅनिशच्या मागे लागणं हे मला खरंच चुकीचं वाटतं. जिना चढताना मराठी, बिस्किटं वाटताना स्पॅनिश, दोन्ही चालू ठेवा.

दुसरी चूक: इंग्रजी तोंडाने स्पॅनिश

याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण आपल्याकडे तयार उच्चार असताना आपण ते सोडून देतो. स्पॅनिशमधला त आणि द हे आपल्या दातावरच्या त-दच्या अगदी जवळचे. दोस, त्रेस, क्वात्रो, सिएते. इंग्रजी वळणाने शिकवलं की त्याचं डोस, ट्रेस, क्वॉट्रो, सिएटे होतं, आणि मग शाळेतली स्पॅनिश बोलणारी मुलं दोनदा विचारतात. पोराशी बोलताना अमेरिकन वळण बाजूला ठेवून सरळ मराठी तोंडाने म्हणा, निम्मं काम तिथेच होतं. स्वर पण आपल्यासारखेच स्वच्छ, उनो म्हणजे उनो, शेवटचा ओ लांबवून त्याचा ओऊ करायचा नाही.

थोड्या जागा जपायच्या. ओचोमधला (आठ) च चहातला, चमच्यातला नाही. दिएसच्या शेवटी स, झ नाही, स्पेलिंग काहीही असो. नुएवेमध्ये (नऊ) इंग्रजीसारखा दात ओठावर टेकवू नका, आपला साधा व चालून जातो, पण वीसचा आकडा मात्र बेइन्ते असा ब ने सुरू होतो. पंधराचं स्पेलिंग बघून क्विन्स म्हणणारे खूप भेटतात, ते किन्से आहे. स्पेनमध्ये पाचाला जीभ दातांत धरून थिंको म्हणतात, लॅटिन अमेरिकेत सिंको, दोन्ही बरोबर, पण पोर रोज ज्यांच्यात असतं त्यांचाच उच्चार धरा, घरात वेगळा नको.

दहानंतर गाडी का अडते

ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से (अकरा ते पंधरा) हे पाच शब्द सुटेसुटे पाठ करण्याला पर्याय नाही. चौदाला मुलं हमखास "क्वातोर्से" म्हणतात, कारण डोक्यात क्वात्रो असतं, आणि हे चांगलंच लक्षण आहे, पोर डोकं लावतंय. चूक म्हणू नका, आपण वाक्यात बरोबर शब्द वापरून पुढे जा. सोळापासून सोपं होतं, दिएसिसेइस म्हणजे सरळ दहा आणि सहा.

एकतीसच्या पुढे तर स्पॅनिश फारच सरळ आहे, त्रेइन्ता इ उनो, तीस आणि एक. आपल्या मराठीत एकक आधी येतो आणि वर एकोणतीस, एकोणचाळीस आहेतच, त्यामुळे मराठीत पक्कं मोजणारं पोर इथे उलटंसुलटं करू शकतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल, तर तीच पद्धत इथे वापरा, "तीस एक, तीस दोन" असं मराठीत म्हणायचं आणि लगेच स्पॅनिश. इंग्रजीचा क्रमही तोच आहे, तेव्हा या एका ठिकाणी इंग्रजीची मदत जरूर घ्या. सगळ्यात त्रासदायक जोडी म्हणजे सेसेन्ता आणि सेतेन्ता, साठ आणि सत्तर. हे दोन्ही एकाच आठवड्यात शिकवू नका.

सेइस आणि सिएतेची पण तीच गोष्ट. सहा फाशावर शिकवा, सात आठवड्याच्या वारांवर, म्हणजे दोन्हीची जागा डोक्यात वेगळी राहते.

वस्तू जोडली की आकडा बदलतो

नुसतं मोजताना उनो, पण एक मांजर म्हणताना उन गातो, आणि एक सफरचंद म्हणताना उना मान्साना. मुलं "उनो गातो" म्हणतात कारण आपण तक्त्यावरून नुसते आकडे शिकवलेले असतात. आकडा कायम वस्तूसकट शिकवा आणि दोनपासून पुढे वस्तूला स लावायला विसरू नका, दोस गातोस, त्रेस मान्सानास. व्याकरण समजावत बसायचं काही कारण नाही, पुरेसं ऐकलं की येतं.

बाकीच्या छोट्या अडचणी

"तीन, क्वात्रो, पाच" अशी खिचडी झाली तर घाबरू नका, दोन-तीन भाषा बोलणारी सगळीच मुलं असं करतात. भाषा जास्त झाल्या म्हणून बोलायला उशीर होतो हे आजीला कितीही खरं वाटलं तरी तसं नसतं. मात्र सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरूनही पोर वयाच्या मानाने फार कमी बोलत असेल तर मुलांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा, थांबू नका.

शून्य राहून जातं, सेरो. बिस्किटं संपल्यावर रिकामी ताटली दाखवून शिकवायला याच्यापेक्षा चांगली वेळ नाही.

पाहुण्यांसमोर म्हणायला लावलं की बरीच मुलं गप्प होतात, मग आपण म्हणतो "अरे, काल तर येत होतं!" असं करू नका. त्यापेक्षा लपाछपीत डाव त्याच्यावर आला की दिएसपर्यंत स्पॅनिशमध्ये मोजायला सांगा, लपायला धावणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून ते आपोआप मोठ्याने म्हणतं.

३१ डिसेंबरला स्पेनमध्ये रात्री बाराच्या बारा टोल्यांबरोबर एकेक द्राक्ष खायची पद्धत आहे, बारापर्यंत मोजायला हे फार छान निमित्त आहे, पण चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करून बारा वाट्यांत ठेवा आणि टोल्यांच्या वेगाने नाही, पोराच्या वेगाने मोजा.